एक नंबरची दोरी

आमच्याकडे माणूस गेला की आठ दोऱ्या लागतात. लहान पोर असेल तर सहा, कधी चार. काळ्या रेशमी दोऱ्या, टोकाला गोंडा. पेटी माझा नवरा डूगल बनवायचा. आतलं अस्तर, उशी, दोऱ्या आणि गोंडे हे माझं काम. लग्न होऊन आर्डकॅरनला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात सासूने हातात रेशमाचं रीळ ठेवलं आणि म्हणाली, "गोंडा सैल वळलास तर मेलेल्याला नाही कळणार, पण गावाला कळेल." सासू तशी चांगली होती, फक्त जिवंत माणसांशी तिचं पटायचं नाही.

पेटी खड्ड्यात उतरवायची ती याच दोऱ्यांनी. कोणी कुठली धरायची ते आधी ठरतं. डूगल जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापायचा, प्रत्येकीवर पेटीचं छोटं चित्र काढायचा, भोवती आकडे, आणि ज्याचा जो आकडा त्याच्यापुढे त्याचं नाव. एक नंबर डोक्याकडचा. तो सगळ्यात जवळच्या पुरुषाचा, मुलाचा नाहीतर भावाचा. चिठ्ठी घरी नेऊन हातात द्यायची, आणि एकदा दिलेली परत घ्यायची नाही. माझ्या आठवणीत कोणी घेतलेली नाही. दारू पिऊन आलेल्या माणसाचीसुद्धा नाही. त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभा केला होता, पण दोरी त्याच्याच हातात होती.

आणि बायका? बायका घरी. पेटी उंबऱ्याबाहेर गेली की दार लावायचं, ओटच्या भाकऱ्यांना लोणी फासायचं, चहा ठेवायचा, आणि पुरुष परत येईपर्यंत वाट बघायची. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. हे सगळं आधी सांगितलं, कारण ते ठाऊक नसेल तर व्हर्नाने काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

व्हर्ना आली ती बैलामुळे. आमचे लॉर्डसाहेब, रॅनल्ड, गढीतला सगळ्यात चांगला काळा बैल घेऊन जहाजाने अमेरिकेला गेले होते, तिकडे नेब्रास्का म्हणून कुठेतरी, विकायला. गेले बैल घेऊन आणि आले बायको घेऊन. पोस्टमन सिमी म्हणायचा, "अदलाबदलीत फसलं कोण, ते अजून ठरायचंय." सिमीच्या जिभेला हाड नव्हतं. पण त्या वर्षी सगळं गाव तेच म्हणत होतं.

अमेरिकेची, म्हणजे बापाच्या घरी सोन्याच्या चमच्याने खात असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. गढीचं छप्पर गळत होतं, आता ते दुरुस्त होणार, रस्ता होणार, सिमीने तर बोलता बोलता विजेचे दिवेसुद्धा लावून टाकले, घरोघरी. आणि मग ती गाडीतून उतरली. बुटांना चिखल, हाताची नखं माझ्यासारखी कापलेली, आणि दोन ट्रंका. एका ट्रंकेत कपडे. दुसरीत मक्याचं बियाणं, फडक्यात बांधून, आणि तिच्या बापाची जुनी दोरी, अडलेल्या गाईचं वासरू ओढायची. बाप गुरं पाळणारा. बाजारात आमच्या साहेबांचा बैल उभा होता तेव्हा हिने म्हणे सगळ्यांदेखत सांगितलं की याच्या मागच्या खुरात दोष आहे, हा लंगडेल. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी बैल लंगडला. तिसऱ्या दिवशी साहेब तिच्या बापाकडे जेवायला गेले.

पहिल्याच वसंतात तिने गढीमागे मका लावला. आमच्या पावसात मका. गुडघ्याएवढा झाला आणि कुजला. पुढच्या वर्षी परत लावला, परत कुजला. साहेबांचा धाकटा भाऊ, कर्नल आर्ची, एडिनबराहून सुट्टीला यायचा. तो जेवताना पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या वहिनी दरवर्षी एका पिकाचं दफन करतात." ती म्हणायची, "आर्ची, तू दरवर्षी येतोस, तुला कुठे मी उपटून टाकते?" आणि पुढच्या वसंतात पुन्हा मका. अशी होती.

आणखी एक गोष्ट तिला कधी पचली नाही. आमच्याकडे जमीनदाराला नावाने हाक मारत नाहीत, गावाच्या नावाने मारतात. रॅनल्डसाहेब म्हणजे 'आर्डकॅरन'. "आर्डकॅरन आज मासे धरायला गेलेत." "आर्डकॅरनना सर्दी झालीय." ती पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "म्हणजे माझं लग्न आख्ख्या गावाशी लागलंय होय? आधी सांगितलं असतं तर मोठा पलंगपोस आणला असता." मला म्हणाली, "एफी, तू तरी मला व्हर्ना म्हण." मी म्हटलं, "बरं, बाईसाहेब." बत्तीस वर्षं ती हे सांगत राहिली आणि बत्तीस वर्षं मी "बरं, बाईसाहेब" म्हणत राहिले.

गावाने तिला एकच नाव ठेवलं होतं, 'बाहेरची'. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. निनियनची गाय अडली त्या दिवसानंतर हा शब्द थोडा मऊ झाला, एवढंच. निनियन आमच्या वरच्या बाजूचं कूळ. त्याची एकच गाय, वासरू आडवं, चार पुरुष ओढताहेत आणि गाय मरायला टेकलेली. ही रस्त्याने चालली होती. आत गेली, कोट काढून खुंटीला लावला, खांद्यापर्यंत हात घातला, वासरू फिरवलं, आपल्या दोरीचा दुहेरी फास त्याच्या पायांना घातला आणि त्या चौघांना म्हणाली, "मी सांगेन तेव्हाच ओढायचं. गाय कण्हली की ओढा, ती थांबली की थांबा. ती बाळंतीण आहे, तुम्ही नाही." पाऊण तास ती दोरी तिच्या हातात होती. तळहाताची साल निघाली. वासरू जिवंत, गाय जिवंत. तेव्हापासून गाय अडली की लोक गढीकडे पळायचे. आणि परतताना म्हणायचे, "बाहेरची असली तरी हात चांगला आहे."

आता माझं सांगते.

ती आली त्याच्या आठव्या वर्षी माझा कॅलम गेला. घटसर्पाने, चार दिवसांत. चार वर्षांचा होता. डूगलने स्वतःच्या हाताने पेटी केली आणि दोऱ्यांचे गोंडे मी वळले. दुसरं कोण वळणार होतं? सहा दोऱ्या. लहान पेटी होती. पुरुष ती घेऊन गेले, दार लागलं, आणि मी स्वयंपाकघरात भाकऱ्यांना लोणी फासायला बसले. आजूबाजूला गावच्या बायका. तेवढ्यात बाईसाहेब आल्या. माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "एफी, तू इथे का बसलीयस?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय.

"तुझा मुलगा आहे तो. तिकडे नेताहेत. चल, मी येते तुझ्याबरोबर. कोण अडवतो ते बघते."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, तीस वर्षांची घोडी, मला तिचा इतका राग आला की हातातली सुरी टेबलावर आपटली. म्हटलं, "बाईसाहेब, तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला नाही कळायचं आमचं. जा तुमच्या घरी."

ती गेली. पुढच्या आठवड्यात दुधाची बरणी घेऊन आली, आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी अक्षर काढलं नाही. मी मात्र मनात तो दिवस रोज काढत होते. राग तिचा नव्हताच. मला उठायचं होतं आणि मी उठले नाही, हा राग होता. पेटी नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी कबरस्तानात गेले तर तिथे नुसती माती होती, फावड्याने थोपटलेली. चोवीस वर्षं तो राग मी पोटात घेऊन फिरले, आणि गोंडे वळत राहिले.

मग साहेब गेले. मेंढ्या व्यायचा महिना होता, छातीत कफ धरला आणि दहा दिवसांत आटोपलं. मूलबाळ नव्हतं. म्हणजे आता लॉर्ड कोण, तर कर्नल आर्ची. तो आगगाडीने आला, खिशात यादी घेऊनच. सरळ डूगलच्या शेडमध्ये शिरला. "पेटी ओकची हवी. एक नंबर माझा. दोन, पायाकडचा, चुलतभावाचा. बाकी गावकऱ्यांना दे, भावाला ते आवडलं असतं." माणूस वाईट नव्हता तसा. फक्त जग त्याच्यासाठी रांगेत उभं आहे असं त्याला वाटायचं.

दुपारी बाईसाहेब आल्या. अंगावर साहेबांचा जुना कोट. मी कोपऱ्यात दोऱ्या करत बसले होते. ती डूगलला म्हणाली, "डूगल, एक नंबर मला हवा."

डूगलच्या हातातली रंधा घालायची फळी तशीच राहिली. "बाईसाहेब, ते होत नाही."

"का?"

"कधी झालं नाही."

"ते कारण नाही. ती सवय आहे."

डूगल बिचारा घामाघूम. "पाद्रीबाबांना विचारा."

"विचारून आले. ते म्हणाले, परंपरा. आर्चीला विचारलं, तो म्हणाला, वहिनी, तुम्ही आता आराम करा, पुढचं आम्ही पुरुष बघू." तिचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो इथे फाटला. "दहा दिवस त्याचं अंग मी पुसलं. मान मी धरली म्हणून तो पाणी प्यायला. शेवटचा श्वास माझ्या हातावर सोडला त्याने. आणि आता सहा फूट खाली न्यायचा, तेवढं काम पुरुषांचं? बत्तीस वर्षं मी तुमच्यात राहिले, डूगल. मी काही मागितलं? मला एक दोरी हवी आहे. एक."

डूगलने मान खाली घातली. "वजन असतं हो, बाईसाहेब," एवढंच पुटपुटला.

ती येऊन माझ्याशेजारच्या बाकावर बसली. माझ्या बोटांकडे बघत होती. "ही कुठली?"

"एक नंबरची," मी म्हटलं.

तिने गोंड्याला बोट लावलं. "किती केल्यास गं आजवर?"

"मोजल्या नाहीत."

"आणि धरल्यास किती?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. ती उठून गेली, आणि मी दुसरं रीळ उघडायचं सोडून त्या दाराकडे बघत राहिले.

डूगलने संध्याकाळी चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर त्याचं सुरेख. एक नंबरच्या चिठ्ठीवर त्याने रीतीप्रमाणे नवं नाव लिहिलं. नवे जमीनदार कर्नल, तेव्हा कर्नल हेच आता 'आर्डकॅरन'. 'आर्चिबाल्ड' लिहिणं म्हणजे अपमान. म्हणून चिठ्ठीवर एकच शब्द, आर्डकॅरन.

चिठ्ठ्या नेहमी डूगल वाटायचा. पण ओकचं लाकूड हट्टी, झाकण नीट बसेना. सकाळी तो म्हणाला, "एफी, एवढ्या वाटून ये." मी आठही चिठ्ठ्या ॲप्रनच्या खिशात टाकल्या आणि निघाले. निनियनला दिली, सिमीला दिली, शाळामास्तरांना दिली, अशा सात दिल्या. आठवी घेऊन गढीवर गेले तर कर्नलसाहेब पायऱ्यांवरच पाइप ओढत उभे.

"माझ्यासाठी काही आणलंस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. देवाशप्पथ सांगते, तोपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. "तुमच्यासाठी काही नाही, साहेब," मी म्हटलं आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले.

बाईसाहेब उद्याच्या माणसांसाठी कोंबड्या सोलत होत्या. नोकर माणसं होती, पण हिला हात रिकामे ठेवणं जमायचं नाही. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिने हात पुसले, वाचली. "एफी, ही आर्चीची आहे. आर्डकॅरन आता तो."

"मला वाचता येतं," मी म्हटलं. "त्यावर आर्चीचं नाव नाही. आर्डकॅरन लिहिलंय. गावातल्या पोरालाही विचार, आर्डकॅरनची बाई कोण, बोट तुझ्याकडेच करेल. तुझं लग्न आख्ख्या गावाशी लागलंय, तूच म्हणाली होतीस. चिठ्ठी गावाच्या नावाची आहे. घे, व्हर्ना."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चिठ्ठीमुळे की नावामुळे, ते मला अजून माहीत नाही. मग तिने चिठ्ठी घडी न करता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि परत कोंबडी हातात घेतली. "डूगलला त्रास होईल," म्हणाली.

"डूगलचं मी बघते."

डूगलने घरी आल्याबरोबर विचारलं, "दिल्यास सगळ्या?"

"दिल्या."

"एक नंबर?"

"आर्डकॅरनला दिली."

माझा नवरा सावकाश बोलतो म्हणून लोक त्याला मंद समजतात. तो मंद नाही. त्याने खुर्ची ओढली, बसला, चहाचा अख्खा कप संपवला. "एफी, उद्या माझं नाक कापलं जाणार."

"वाकडंच आहे ते."

"परत मागू का?"

"मागशील?"

तो खिडकीबाहेर बघत बसला. कॅलमच्या वेळी त्यानेच एक नंबर धरला होता. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो, आणि त्या दिवशीही बोललो नाही. "दिलेली चिठ्ठी परत मागितली तर मी सुतार कसला," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

दुसऱ्या दिवशी गढीच्या उंबऱ्यावरून पेटी उचलली. पुरुष निघाले. दार लावायला सिमीची बायको बेला पुढे झाली, तर व्हर्नाने दार धरलं. अंगात काळा पोशाख, पायात साहेबांचे बूट, मोजे कोंबून घट्ट केलेले. "लावू नकोस. मी निघालेय," ती म्हणाली. मी ॲप्रनची गाठ सोडली.

"एफी, डोकं फिरलं का तुझं?" बेला म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "चोवीस वर्षं उशिरा."

अर्धा मैल आम्ही दोघी त्या पुरुषांमागून चाललो. मागच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं, मग त्यांच्या पुढच्यांनी, असं ते बघणं पार पुढे कर्नलपर्यंत गेलं. पण पेटी खांद्यावर असताना थांबायचं नाही, ही रीत. तेव्हा रीतीनेच आम्हाला कबरस्तानाच्या फाटकातून आत नेलं.

पेटी खड्ड्यावरच्या फळ्यांवर ठेवली. जो तो आपल्या चिठ्ठीप्रमाणे दोरी धरून उभा राहिला. डूगलने टोपी काढली आणि नावं पुकारायला लागला. "एक नंबर, आर्डकॅरन."

कर्नल पुढे झाले. व्हर्नाही पुढे झाली, हातात चिठ्ठी.

"ही काय थट्टा आहे?" कर्नल म्हणाले. "डूगल, ती चिठ्ठी माझी आहे."

डूगल उभा राहिला तसा उभा. त्याच्या घराची जमीन याच माणसाची होती आता. मला वाटलं, झालं, मान खाली घालणार. तो म्हणाला, "चिठ्ठीवर आर्डकॅरन लिहिलंय, साहेब. चिठ्ठी आर्डकॅरनच्या घरात पोचली. मी दिलेली परत घेत नाही, आणि माझ्या बापानेही कधी घेतली नाही."

"आणि बाईच्या हातून पेटी निसटली तर? माझ्या भावाचा तमाशा करायचाय?"

निनियन पाच नंबरला होता. तो वाकला आणि आपली दोरी फळीवर ठेवून दिली. आयुष्यात त्याला मी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. "साहेब, माझी गाय अडली तेव्हा पाऊण तास दोरी यांच्या हातात होती. निसटली नाही. निसटली असती तर त्या हिवाळ्यात माझ्या पोरांना दूध मिळालं नसतं. यांनी दोरी धरली तर मी धरतो. नाहीतर तुमचे पाहुणे आहेत, त्यांना बोलवा."

सिमीने आपली दोरी खाली ठेवली. मग मास्तरांनी. मग उरलेल्यांनी. फक्त तो एडिनबराचा चुलतभाऊ दोरी धरून उभा होता, कारण कोणी काय चालवलंय हे त्याला समजलंच नव्हतं. पाद्रीबाबांना पुस्तकातलं पान सापडेना. ते ज्या जोराने शोधत होते त्यावरून ते त्यांना सापडायला नकोच होतं हे कळत होतं.

कर्नलचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. व्हर्ना त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं आता सुनावणार, आणि सुनवावं असं मला फार वाटत होतं. ती हळू म्हणाली, "आर्ची, तुझाही भाऊ होता तो. पायाकडचा नंबर घे. आपण दोघं मिळून उतरवू." चुलतभावाने लगेच दोरी पुढे केली, सुटल्यासारखा. कर्नल हातमोजे काढून पायाकडे जाऊन उभे राहिले.

डूगलने फळ्या काढल्या. व्हर्नाने दोरीला मनगटाभोवती एक वेढा घेतला, पाय रोवले आणि त्या सात पुरुषांना, गोठ्यात सांगायची तसं, दबक्या आवाजात सांगायला लागली. "सावकाश. आता थांबा. निनियन, तुझी बाजू खाली जातेय. हं, आता सोडा." आणि सातही जण, कर्नलसकट, ती सांगेल तसं सोडत होते. मी दहा पावलांवर कॅलमच्या दगडापाशी उभी होते. कोणी मला हटकलं नाही.

नंतर बोलणारे बोलले. पाद्रीबाबा तीन रविवार लाजेवर बोलले. बेला म्हणाली, "अशी बेशरम बाई बघितली नाही." सहा वर्षांनी सिमी गेला तेव्हा हीच बेला आमच्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली, आणि डूगलने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "एक नंबर मला. आणि वजनाचं मला सांगू नकोस, चाळीस वर्षं त्याचं वजन मीच सोसलंय." डूगलने चिठ्ठी लिहिली.

व्हर्ना गढी सोडून शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहायला आली. लोक म्हणाले, आता जाईल आपल्या देशाला. ती म्हणाली, "कुठल्या?" आणि दारासमोर वाफा खणून मका लावला. एका वर्षी उन्हाळा लांबला आणि बोटाएवढी कणसं आली. तिने उकडून सगळ्या गावाला वाटली. चव काहीच नव्हती. आम्ही सगळ्यांनी दोन दोन मागून खाल्ली. गाव तिला शेवटपर्यंत बाहेरचीच म्हणत होतं, पण परक्याने तिच्याबद्दल वाकडं बोललेलं आम्ही खपवून घेत नव्हतो.

मागच्या शरद ऋतूत ती गेली, साहेबांनंतर पंधरा वर्षांनी. डूगलने पेटी केली, गोंडे मी वळले. बोटं आता वाकडी झालीत, वेळ लागला. दोऱ्यांसाठी नावं विचारायला कुणाकडे जावं याचा डूगल विचार करत होता, तर तिच्या टेबलाच्या खणात आठ चिठ्ठ्या तयार निघाल्या. पेटीचं चित्र इतकं वाईट की पेटी आहे की गाय, कळेना. सात चिठ्ठ्यांवर गावातली नावं होती, बायका आणि पुरुष मिसळून. एक नंबरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एफी. कारण विचारू नये.'

नवा पाद्री तरुण आहे, त्याने विचारलंच नाही. निनियन माझ्या शेजारी होता. दोरीवरची माझी वाकडी बोटं बघून हळूच म्हणाला, "एफी, मी धरू का जरा?" म्हटलं, "हात लावून बघ."

दोरी ताणलेली असते तोवर माणसाचं वजन आपल्या खांद्यात येतं. आपण थोडं थोडं सोडत जातो आणि ते कमी होत नाही. मग पेटी तळाला टेकते, आणि दोरी हातात एकदम हलकी होते. पन्नास वर्षं मी गोंडे वळले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॅलमच्या वेळी ते सहा माणसांच्या हातांना कळलं होतं. त्यात माझे हात नव्हते.